अर्बुदाची सीमारेषा आणि संगणक

फुप्फुसाच्या कर्करोगावर किरणोपचार करावयाचे झाल्यास यंत्र सुरू होण्यापूर्वी एक अत्यंत नाजूक काम पार पाडावे लागते. ते म्हणजे प्रत्येक छेदचित्रावर अर्बुदाची, म्हणजेच गाठीची, सीमारेषा आखणे. या रेषेच्या आत जे येईल त्याला किरणांची पूर्ण मात्रा मिळते. बाहेरच्या हृदयाला, अन्ननलिकेला, मज्जारज्जूला आणि निरोगी फुप्फुसाला शक्य तितके वाचविले जाते. रेषा आत सरकली तर कर्कपेशी शिल्लक राहण्याचा धोका असतो. ती बाहेर सरकली तर निरोगी ऊतींना इजा पोहोचते.

चार-दोन मिलिमीटरांनी असा काय फरक पडणार, असे वाचकाला वाटेल. ३ सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचे घनफळ सुमारे १४ घन सेंटिमीटर भरते. रेषा सर्व बाजूंनी केवळ ३ मिलिमीटर बाहेर आखली, तर तेच घनफळ २४ घन सेंटिमीटरांवर जाते. एकाच रुग्णाच्या चित्रांवर दोन अनुभवी चिकित्सकांनी आखलेल्या रेषांत याहूनही मोठा फरक आढळू शकतो.

साध्या क्ष-किरणचित्रात फासळ्या, हृदय आणि गाठ यांच्या छाया एकमेकींवर पडतात. १९७१ मध्ये गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूची छेदचित्रे घेतली आणि ही अडचण दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला. सीटी स्कॅन या नावाने परिचित असलेल्या या पद्धतीत चित्राच्या प्रत्येक बिंदूला घनतेनुसार एक अंक मिळतो. पाण्याचा अंक ० व हवेचा उणे १००० मानलेला आहे. हवेने भरलेले फुप्फुस आणि भरीव गाठ यांच्या अंकांत मोठे अंतर असल्याने त्यांमधील कडा संगणकाला सहज सापडते.

परंतु गाठ छातीच्या भिंतीला चिकटलेली असेल, किंवा श्वासनलिका दाबली गेल्याने फुप्फुसाचा एखादा भाग मिटून घट्ट झाला असेल, तर दोहोंचे अंक जवळजवळ सारखे होतात व केवळ अंकांवर विसंबणारी पद्धत फसते. अशा वेळी पेट स्कॅनची मदत होते. त्यात किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेली शर्करा शिरेवाटे दिली जाते व ती कर्कपेशींत अधिक प्रमाणात साठते. तथापि दाह झालेल्या जागीही ती साठत असल्याने हा पुरावा निर्णायक मानता येत नाही. शिवाय श्वासोच्छ्वासाबरोबर गाठ हलते. म्हणून दिसणाऱ्या गाठीभोवती सूक्ष्म प्रसारासाठी आणि हालचालीसाठी आणखी जागा धरावी लागते.

अलीकडच्या पद्धतीत संगणकाला ठरीव नियम दिले जात नाहीत. चिकित्सकांनी रेषा आखलेली हजारो छेदचित्रे त्याला पुरविली जातात आणि त्यांवरून तो रेषा आखावयास शिकतो. हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी यासाठी एक खुली स्पर्धा घेतली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६२ देशांतील ५६४ जणांनी नावे नोंदविली, त्यांपैकी ३४ जणांनी पद्धती सादर केल्या. त्यांतील उत्तम पद्धतींनी आखलेल्या रेषा तज्ज्ञांच्या आपापसांतील मतभेदाच्या मर्यादेत बसल्या.

येथे एक प्रश्न उद्भवतो : रेषा बरोबर आहे हे ठरवावयाचे कशावरून? दोन आकृत्या परस्परांशी किती जुळतात हे मोजण्यासाठी ० ते १ पर्यंतचा एक गुणांक वापरतात. ली डाइस या प्राणिशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये सजीवांच्या जाती किती वेळा एकत्र आढळतात हे मोजण्यासाठी तो मांडला होता. पण हा गुणांक एकंदर जुळणी सांगतो. चूक नेमकी कोठे झाली ते सांगत नाही. गुण उत्तम मिळूनही रेषा अन्ननलिकेत शिरलेली असू शकते. शिवाय ज्या रेषेशी तुलना करावयाची, तीही माणसानेच आखलेली असते. शिकविणाऱ्याच्या सवयी, आणि प्रसंगी त्याच्या चुकाही, संगणक उचलतो.

म्हणून संगणकाने आखलेली रेषा हा मसुदा समजावा. त्यामुळे चिकित्सकाचा वेळ वाचतो, व जेथे तज्ज्ञ थोडे आणि रुग्ण फार, तेथे हा लाभ लहान नव्हे. वाचलेला वेळ मात्र तो मसुदा छेदामागून छेद तपासण्यासाठी खर्चिला पाहिजे. कारण उपचार त्या रेषेनुसार होतो आणि तिची जबाबदारी चिकित्सकावरच राहते.