प्रमाणपत्र मागते कोण?

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू व्हायचा तर इतर शंभर गोष्टींबरोबर एक गोष्ट पक्की लागते: बॉयलरपाशी प्रमाणपत्रधारक अटेंडंट. तो नसेल तर बॉयलर चालवणे हा कायद्याचा भंग ठरतो, मग जवळ उभ्या असलेल्या माणसाचा अनुभव कितीही दांडगा असो. म्हणून कारखाना अशा माणसांना शोधतो, टिकवून ठेवतो आणि ती सोडून गेली की अडचणीत येतो. त्याच तालुक्यातल्या एखाद्या मुलाने सरकारी योजनेत दोन-तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा करून मिळवलेले कौशल्य प्रमाणपत्र मात्र बहुतेक ठिकाणी कोणी उलगडूनही पाहत नाही. वास्तविक दोन्ही कागदांमागे त्या कामाच्या माणसाला काय आले पाहिजे याचे लेखी मानक आहे. दुसऱ्या कागदामागचे मानक तर कदाचित अधिक तपशीलवार असेल. तरीही एकाला बाजारात किंमत आहे आणि दुसऱ्याला नाही. देशभरासाठी व्यावसायिक पात्रतांची व्यवस्था उभी करताना नेमका हाच फरक आपण नजरेआड केला, असे मला वाटते.

ही व्यवस्था म्हणजे काय, ते आधी पाहू. स्वतंत्र भारतात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली आली, आयटीआयचे जाळे तिच्यातूनच विणले गेले. पुढे केंद्राची डझनाहून अधिक मंत्रालये आपापले अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालवू लागली. कोणाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा, कोणाचा सहा महिन्यांचा, आणि एका खात्याच्या प्रमाणपत्राचा अर्थ दुसऱ्या खात्याला लागत नसे. हा गोंधळ निस्तरण्यासाठी २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. त्यात दहा स्तर होते, २०२३ च्या सुधारणेनंतर ते आठ झाले. प्रत्येक स्तरावर माणसाला किती ज्ञान हवे, कोणते कौशल्य हवे आणि त्याच्यावर किती जबाबदारी टाकता येईल, याचे वर्णन आहे. त्या चौकटीत प्रत्येक कामासाठी राष्ट्रीय व्यवसाय मानके लिहायची. एका कामाचे छोटे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात माणसाने काय करून दाखवले म्हणजे ते काम त्याला येते असे धरायचे, हे ठरवायचे. हे लिहिण्याची जबाबदारी मुख्यतः उद्योगांच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्षेत्रीय कौशल्य परिषदांकडे आली. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवण्यासाठी राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापन करण्याचा निर्णय २०१८ मध्ये अधिसूचित झाला. कल्पना चांगलीच आहे. आयटीआय झालेल्या फिटरला पदविकेकडे आणि पुढे पदवीकडे जाता यावे, दाराशी येऊन त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर बसावे लागू नये, ही तिच्यामागची भावना न्याय्य आहे.

पण अशी चौकट कागदावर पूर्ण झाली म्हणून लोक तिचा वापर करू लागत नाहीत. २०१३ च्या अधिसूचनेत सरकारी भरतीचे नियमही या स्तरांनुसार बदलण्याची तरतूद होती. आजच्या भरतीच्या जाहिराती उघडून पाहाव्यात: दहावी, बारावी, आयटीआय, पदवी हीच जुनी भाषा. सरकार स्वतःच ज्या स्तरांवर विसंबून माणसे घेत नाही, त्यांवर चाकण-रांजणगावच्या कारखानदाराने विसंबावे अशी अपेक्षा कशी करायची? किमान वेतनाचीही तीच गत आहे. अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी वर्गवारी तिथे आहे, पण कामगार कोणत्या वर्गात मोडतो हे त्याच्या कामाच्या नावावरून ठरते. त्याने कोणत्या स्तराचे प्रमाणपत्र मिळवले, याचा त्याच्या मजुरीशी संबंध जोडलेला नाही. दुसरीकडे प्रशिक्षणाचा सगळा जोर आकड्यांवर राहिला. प्रशिक्षण संस्थेला पैसे मिळतात उमेदवारांच्या संख्येवर, आणि मूल्यमापन करणाऱ्यालाही काम मिळते तेवढ्याच संख्येवर. उमेदवार नापास झाल्याने या साखळीत कोणाचेच भले होत नाही, आणि अशा परीक्षेचा निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. केंद्राने नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने २०१६ च्या अहवालात कौशल्य परिषदांमधील हितसंबंधांच्या गुंत्यावर आणि एकाच कामासाठी निघालेल्या अनेक अभ्यासक्रमांवर बोट ठेवले होते.

या वाटेवर आपल्या आधी गेलेला देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. वर्णभेदी राजवटीत काळ्या कामगारांना वर्षानुवर्षे काम करूनही कुशल म्हणून मान्यता मिळत नसे. १९९५ च्या कायद्याने तिथे राष्ट्रीय पात्रता आराखडा आणला, तो केवळ शिक्षणातली सुधारणा म्हणून नाही, तर सामाजिक न्यायाचे साधन म्हणून. मानके लिहिणारी मंडळे निघाली, शेकडो नव्या पात्रता आणि हजारो सुटी मानके तयार झाली. पुढे लक्षात आले की त्यांतल्या बहुसंख्य पात्रता कोणी शिकवल्याही नाहीत आणि कोणाला दिल्याही नाहीत. शिकवणारे शिक्षक, साहित्य आणि संस्था उभ्या राहण्याआधीच कागदांचा ढीग उभा राहिला होता. २००८ मध्ये नवा कायदा करून ही रचना मोडून नव्याने बांधावी लागली. हेतूच्या शुद्धतेबद्दल शंका घ्यावी असे तिथे काहीच नव्हते, म्हणून तर हे उदाहरण अधिक बोचते.

याच्या अगदी उलट उदाहरण शोधायला मात्र लांब जावे लागत नाही. कोकणातली मुले पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर लागतात. त्यांच्या प्रमाणपत्रांची व्यवस्था पाहणारे नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे. खलाशी आणि अधिकारी यांच्या प्रशिक्षणाची जागतिक मानके १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आणि १९९५ व २०१० मध्ये त्यांत मोठ्या सुधारणा झाल्या. ही मानकेही कामाचे भाग पाडूनच लिहिलेली आहेत, त्यांची भाषाही तितकीच रुक्ष आहे. मग ती चालतात का? कारण रॉटरडॅम किंवा सिंगापूरच्या बंदरात तपासणी अधिकारी बोटीवर चढतो आणि माणसांपाशी योग्य प्रमाणपत्रे नसतील तर बोट अडवून ठेवू शकतो. अडलेल्या बोटीचा प्रत्येक दिवस मालकाच्या खिशातून जातो. म्हणजे मानकाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोजणारा कोणीतरी इथे आहे, आणि तपासणारा दुसऱ्याच देशाचा असल्याने त्याला कोणाची भीड नाही. बनावट कागदांचे प्रकार या क्षेत्रातही होतात. पण लोक बनावट कागद करतात तेही खऱ्याला किंमत असते म्हणूनच.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो: मग काय प्रत्येक कामाला परवाना लावायचा? हातात कसब असलेल्या गवंड्याने काम मिळवण्यासाठी खिडकीसमोर रांग लावायची, आणि खिडकीतल्या माणसाने त्याच्याकडे हात पसरायचा? ही भीती खोटी नाही. परवाना हे आत असलेल्यांनी बाहेरच्यांना रोखण्याचेही हत्यार असते. जर्मनीने हाच विचार करून २००४ मध्ये ५३ कारागिरींतली ‘माइस्टर’ म्हणजे उस्ताद कारागीर या पदवीची सक्ती काढून टाकली. त्यांत फरशी बसवणारेही होते. त्यांचे छोटे व्यवसाय कैक पटींनी वाढले, पण त्यांतले बरेच एकट्या माणसाचे होते आणि नव्या मुलांना उमेदवार म्हणून ठेवून शिकवणे घटले. शेवटी २०२० मध्ये बारा कारागिरींना ती सक्ती परत लागू झाली, फरशीवाले त्यांत आले. यातून सरसकट परवान्याचे समर्थन होत नाही, कारण उरलेल्या चाळीसएक कारागिरी मोकळ्याच राहिल्या. कोणत्या कामात चूक झाली तर दुसऱ्याचा जीव जातो, कोणत्या कामात चूक झाकली जाऊन वर्षांनी उघडी पडते आणि कोणत्या कामात गिऱ्हाईकच समोर उभे राहून पारख करू शकते, हे एकेका कामाचे वेगवेगळे ठरवावे लागते. आपल्याकडे वीज सुरक्षेचे नियम वायरमनकडे परवाना मागतात ते यामुळेच. शिंप्याकडे तो मागण्याचे काही कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपले बहुतेक कामगार असंघटित क्षेत्रात वडिलांच्या, मामाच्या किंवा मुकादमाच्या हाताखाली शिकले. त्यांच्या ज्ञानाची कुठेच नोंद नाही. आधीपासून असलेल्या कौशल्याला मान्यता देणारी योजना, जिला सगळे आरपीएल म्हणतात, ती या माणसांसाठी आहे. मागणी येईपर्यंत थांबायचे म्हटले तर ते तसेच राहतील. हे खरे आहे, आणि प्रमाणपत्र हाती आले की माणसाला बरे वाटते, त्यालाही मी कमी लेखत नाही. परंतु काही तासांच्या ओळखवर्गानंतर दिलेल्या कागदाने मजुरी वाढत नसेल, तर पुढच्या वर्षी त्याचा भाऊ रोज बुडवून त्या वर्गाला का येईल? या माणसांच्या बाजूने विचार केला तरीही प्रश्न पुन्हा मागणीपाशीच येऊन थांबतो.

ती मागणी निर्माण करण्याचे सर्वांत मोठे साधन सरकारच्याच हातात आहे, ते म्हणजे निविदा. पूल, शाळा, घरकुले, पाणीयोजना यांवर राज्य सरकार आणि महापालिका प्रचंड खर्च करतात. निविदेत सिमेंटची प्रत लिहिलेली असते, सळईची जाडी लिहिलेली असते. सळई बांधणाऱ्याची पात्रताही तिथे अटीच्या रूपाने यायला हवी: सुरुवातीला दर टोळीत एक-दोन प्रमाणित कारागीर, त्यांना ठरलेला जादा दर, आणि तो दर थेट कामाच्या अंदाजपत्रकात. ठेकेदार ओरडतील, माणसे मिळत नाहीत म्हणतील. ती ओरड म्हणजेच प्रमाणपत्राला गिऱ्हाईक आल्याची पहिली खूण असेल. सोबत परीक्षा घेणाऱ्याची फी उमेदवारांच्या संख्येपासून आणि निकालापासून तोडावी लागेल, आणि वर्षभराने काही कारागिरांचे प्रत्यक्ष काम पाहून परीक्षकाचीही परीक्षा घ्यावी लागेल. यासाठी नवा आराखडा लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत काही ओळी वाढवाव्या लागतात.