शूटिंगसाठी आइसलँडच का? पनवेलकरांनी विचार करावा असा मुद्दा

२०१५ च्या ‘दिलवाले’ चित्रपटातलं ‘गेरुआ’ हे गाणं आइसलँडमध्ये चित्रित झालं. धबधबे, हिमनग, काळ्या वाळूवरचा विमानाचा सांगाडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण निर्माते तिथे केवळ निसर्गासाठी जात नाहीत. तिथे झालेल्या पात्र खर्चाचे २५ टक्के सरकार परत करतं आणि २०२२ पासून मोठ्या प्रकल्पांना ३५ टक्क्यांपर्यंत परतावा मिळतो. नियोजनाचा खरा पाया मात्र उजेड आहे. रेक्याविकमध्ये जूनचा दिवस सुमारे २१ तासांचा, तर डिसेंबरचा जेमतेम ४ तासांचा. त्यामुळे आधी महिना ठरतो, मग कलाकारांच्या तारखा.

हीच शिस्त पनवेल परिसरात आणली तर? प्रबळगड, कलावंतीण, गाढेश्वर हाकेच्या अंतरावर. चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे, तिथे ‘जोधा अकबर’चे भव्य सेट लागले होते. कुणी म्हणेल, इथे बर्फ कुठे आहे? ज्या कथेला बर्फच हवा, तिने खुशाल उत्तरेला जावं. पण हिरवे कडे आणि धबधबे हवे असतील, तर आपला पावसाळा हाच हंगाम. मुसळधार पावसाने काम अडतं हे खरं. त्यासाठी वेळापत्रकात राखीव दिवस ठेवावेत आणि स्टुडिओतलं एखादं दृश्य तयार ठेवावं. युनिटच्या गर्दीने जंगल बिघडेल, ही भीतीही रास्त आहे. म्हणून कर्नाळा अभयारण्यासारख्या जागी वनखात्याची परवानगी आणि माणसांची मर्यादा काटेकोर हवी. निसर्ग आपल्याकडे आहेच, आता नियोजनावर मेहनत घेऊया.