पोंग्यातलं हत्यार

अळी अंगावर सोडल्याशिवाय मका किती तग धरतो ते कळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कीटकशास्त्रज्ञ फ्रँक डेव्हिस आणि मक्याचे पैदासकार पॉल विल्यम्स लष्करी अळी मुद्दाम वाढवत होते. दाणे काढलेल्या कणसाच्या भरड्यात नुकत्याच जन्मलेल्या अळ्या कालवायच्या आणि तो भरडा हातयंत्राने प्रत्येक झाडाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, सोडायचा. सातव्या आणि चौदाव्या दिवशी पानं तपासून ० ते ९ गुण द्यायचे. नऊ म्हणजे पोंग्याची वाट लागलेली.

बहुतेक झाडांचा पोंगा कुरतडून जायचा, आत ओल्या भुशासारखी विष्ठा साचायची. कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या मक्यापासून काढलेल्या काही वाणांवर मात्र नुकसान थोडंच. त्याच घराण्यातला एमपी ७०८ हा वाण १९९० मध्ये जाहीर झाला. त्याच्यावर अळ्या पटापट मरत नव्हत्या, पण खुरटत होत्या. वजन जवळजवळ निम्म्यावर. का, ते कुणालाच सांगता येईना.

पहिला धागा काचेच्या बशीत मिळाला. प्रतिकारक मक्याच्या पेशींचा नुसता गोळा खायला दिला तरी अळी खुरटली. तिथे ना जाड पान, ना पानावरची लव. म्हणजे कारण पेशीच्या आतच होतं! संशोधक डॉन ल्यूथ यांच्या गटाला त्या पेशींत ३३ किलोडाल्टनचं एक प्रथिन सापडलं, आणि ते निघालं प्रथिनं तोडणारं विकर. हे विलक्षण होतं. अळीची पाचक विकरं अडवणारी झाडं ठाऊक होती. इथे झाडच तोडायला निघालं होतं.

पण काय तोडत होतं? २००२ मध्ये टिबोर पेचान आणि सहकाऱ्यांनी प्रतिकारक मका खाल्लेल्या अळीचं आतडं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आतड्याला आतून जपणारा पातळ पडदा जागोजागी फाटला होता. अळीने पोंगा चावला की तासाभरात हे विकर तिथे जमू लागतं. पुढचा प्रत्येक घास अळीच्या अंगाला लागेनासा होतो.

२०१८ मध्ये हीच अळी भारतात आली आणि महाराष्ट्रातला शेतकरीही पोंग्यात औषध सोडत फिरू लागला. केनियात किबोको इथे जाळीघरांत अळ्या सोडून मक्याचे अनेक वाण तपासले गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये ‘सिमिट’ या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन संस्थेने अळीला सहनशील असे तीन संकरित वाण जाहीर केले. आपल्याकडेही संकरित मक्याची शिफारस करताना उत्पन्नाच्या आकड्याशेजारी लष्करी अळीपुढचा त्याचा टिकाव छापला जावा, असं मला मनापासून वाटतं.