पाच वॉटची साद

साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. नाशिक जिल्ह्याच्या बागलाणातला. वर मुक्काम कातळातल्या गुहेत. आमच्या पाठपिशवीत शिध्याबरोबर हॅम रेडिओचा छोटा संच असतो.

त्याची शक्ती जेमतेम पाच वॉट. घरातल्या लहानशा एलईडी दिव्याइतकी! 'एवढ्यात आवाज जाणार कुठवर?' घरचे विचारतात. पण सगळा खेळ ताकदीचा नसतो. वीस मीटर तार मधोमध काठीवर उचलायची, टोकं दोरीनं दगडांना बांधायची. झाली चाळीस मीटर बँडची एरियल. लहरी आकाशातल्या आयनांबरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. दिवसा त्या शोषणारा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो आणि दूरदूरची केंद्रं ऐकू येऊ लागतात. बोलणं खरखरीत बुडालं, तरी मोर्सचं डिट-डा तरून जातं.

परवाना मात्र हवाच. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते.

हा निव्वळ छंद नव्हे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीनं अंदमानचा संपर्क तोडला. हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांनी तेव्हा रेडिओवरून कितीतरी कुटुंबांना आप्तांची खबर दिली.

मोबाइल मुका होतो अशा कड्यावर मला हे हमखास आठवतं. क्षीण हाकेला उत्तर मिळतं, ते पलीकडे कुणीतरी कान देऊन बसलेलं असतं म्हणून. त्यामुळे बोलून झालं की मीही तासभर नुसता ऐकत बसतो. न जाणो, कुणाची हाक यायची असेल!