गाणं एक, रूपं अनेक: ‘मूळ’ गाण्याबद्दलचे सहा गैरसमज

पाथर्डीतली लग्नाची वरात असो, मोहटादेवीची नवरात्र असो की मढीची यात्रा, तेच गाणं डीजेवर एका तऱ्हेचं वाजतं, रेडिओवर दुसऱ्या आणि मोबाईलवर तिसऱ्या. मग वाद सुरू होतो: “हे मूळ नाही, कापलेलं आहे.” आणि खापर बहुतेक वेळा रेडिओवर फुटतं. या वादात वस्तुस्थितीपेक्षा ऐकीव माहितीच जास्त असते.

गैरसमज १: गाणी तीन-चार मिनिटांची झाली ती रेडिओमुळे.

वस्तुस्थिती: ही मर्यादा रेडिओच्या आधीची, तबकडीची आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास आवाज मावत असे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान तबकडीसाठी गायल्या तेव्हापासून भारतातल्या गायकांना ही चौकट सांभाळावी लागली. बालगंधर्वांची पदं रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत कितीही रंगत; तबकडीसाठी तेच पद आलाप-तानांना आवर घालून तीन मिनिटांत बसवावं लागे. रेडिओला गाणी मिळाली ती अशी आधीच आटोपशीर झालेली. १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटांची सोय झाली. तोवर कान मात्र तीन-चार मिनिटांना सरावले होते.

गैरसमज २: आधी रेकॉर्ड निघते, रेडिओवरची आवृत्ती ही तिची नक्कल.

वस्तुस्थिती: मराठीतलं सर्वांत गाजलेलं उदाहरण नेमकं उलटं आहे. गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ आधी रेडिओवर आलं. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून ते दर आठवड्याला एक गीत या क्रमाने सुरू झालं. बेत वर्षभराचा होता. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतं ५६ झाली. त्या प्रसारणात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे निरनिराळे आवाज होते. पुढे एचएमव्हीने एलपी काढल्या, त्या मात्र फडके यांच्या एकट्याच्या आवाजात, आणि घराघरांत रुजलं ते हेच रूप. आता यातलं ‘मूळ’ कोणतं म्हणायचं? पहिलं म्हणाल तर रेडिओचं, पाठ झालेलं म्हणाल तर रेकॉर्डवरचं. दोन्ही संगीतकाराच्याच हातची, म्हणून दोन्ही अस्सल.

गैरसमज ३: रेडिओ एडिट म्हणजे आक्षेपार्ह शब्द गाळलेलं गाणं.

वस्तुस्थिती: शब्द गाळणं हा त्यातला एक प्रकार. बहुतेक वेळा कात्री लागते ती सुरुवातीच्या लांब वाद्यमेळाला, दोन कडव्यांमधल्या वादनाला किंवा शेवटी घोळवलेल्या ध्रुवपदाला. ‘द डोअर्स’च्या ‘लाइट माय फायर’चं (१९६७) उदाहरण बघा: अल्बमवर ते सात मिनिटांचं; सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, काढताना ऑर्गन आणि गिटारचं लांब वादन उडवून तीन मिनिटांच्या आत आणलं. कधी फरक लांबीचा नसतोच. बीटल्सच्या ‘लेट इट बी’ची (१९७०) सिंगल आणि अल्बममधलं गाणं यांत गिटारचा तुकडाच वेगळा आहे आणि निर्मातेही वेगळे, सिंगलला जॉर्ज मार्टिन तर अल्बमला फिल स्पेक्टर. उलट ‘क्वीन’चं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ (१९७५) जवळपास सहा मिनिटांचं असूनही न कापता सिंगल म्हणून आलं आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. म्हणजे लांब गाणं रेडिओवर चालत नाही, हाही नियम नव्हे.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. बातम्यांची वेळ झाली की निवेदक गाण्याचा आवाज हळूहळू उतरवतात. त्याला रेडिओ एडिट म्हणत नाहीत. ती घड्याळाची तडजोड. दुसऱ्या दिवशी तेच गाणं पूर्ण लागू शकतं.

गैरसमज ४: सिनेमात वाजतं तेच अल्बमवर असतं.

वस्तुस्थिती: ‘शोले’ची (१९७५) एक कव्वाली रेकॉर्डवर आहे, पडद्यावर नाही. ‘कुदरत’मधलं (१९८१) एकच गाणं किशोरकुमार आणि परवीन सुलताना अशा दोन आवाजांत आहे, दोन्ही अधिकृत. पडद्यावर प्रसंगाच्या मापाने कडवं गळतं, मध्ये संवाद घुसतात. अल्बमवर गाणं सलग ऐकू येतं.

गैरसमज ५: यूट्यूबवर ‘ओरिजनल’ लिहिलंय म्हणजे ते मूळच.

वस्तुस्थिती: नाव कुणीही देऊ शकतो. कॉपीराइटच्या तपासणीतून निसटण्यासाठी किंवा नाचायला जोर यावा म्हणून अनेकदा गाण्याची गती बदललेली असते. साध्या पद्धतीने गती वाढवली की सूरही चढतो: सुमारे सहा टक्के गती वाढली तर गाणं अर्ध्या सुराने वर जातं. गती याहून थोडी कमी-जास्त बदलली असेल तर भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याला ते चटकन कळतं. गाणं काळी एकला धरावं तर पेटी खाली पडते, पांढरी दोनला धरावं तर वर जाते. दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी ते लोंबकळत राहतं. असं झालं की गती बदलल्याचा संशय घ्यावा. मात्र तेवढ्यावर निकाल देऊ नये. जुन्या तबकड्या आणि कॅसेटींवरून उतरवलेली गाणीही यंत्राच्या गतीतल्या फरकामुळे अशी सरकलेली असतात. खात्रीसाठी रेकॉर्ड कंपनीच्या अधिकृत चॅनेलवरची लांबी आणि हाताशी असलेल्या गाण्याची लांबी ताडून पाहावी.

गैरसमज ६: आता तबकडी नाही, तेव्हा लांबीचं बंधनही नाही.

वस्तुस्थिती: बंधन गेलं नाही, बदललं. साठ मिनिटांच्या कॅसेटला अर्ध्या तासाच्या दोन बाजू असत, म्हणून यात्रेतल्या दुकानांवर मिळणाऱ्या भक्तिगीतांच्या कॅसेटी त्या हिशोबाने भरलेल्या असायच्या. सीडी आली आणि ७४ मिनिटं सलग मिळाली. आज स्पॉटिफायसारख्या ॲपवर ३० सेकंद ऐकल्यावरच ‘एक वेळ ऐकलं’ अशी नोंद होते. साहजिकच लांब प्रस्तावना परवडत नाही, ध्रुवपद लवकर येतं. आणि रीलसाठी तर गाण्याचा एक तुकडाच पुरतो. अल्बमचा आकारही मोकळा झाला. ‘सैराट’च्या (२०१६) अल्बममध्ये गाणी अवघी चार, पण त्यांसाठी संगीतकार अजय-अतुल यांनी अमेरिकेतल्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा वापरला. चार गाण्यांचा अल्बम म्हणून कुणी त्याला अपुरा म्हटलं नाही.

तेव्हा ‘हे मूळ आहे का?’ या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. ‘हे कशासाठी बांधलं?’ असं विचारलं की उत्तर मिळतं: तबकडीसाठी, प्रसारणासाठी, पडद्यासाठी की वरातीसाठी. डीजेवाल्याला किंवा गाणी भरून देणाऱ्याला नुसतं गाण्याचं नाव सांगू नका. चित्रपट किंवा अल्बम, गायक आणि लांबी, एवढं सांगितलं की हवं तेच गाणं मिळतं आणि ऐन वरातीत वाद होत नाही.