धंदा बुडाला, लोक हसले… आणि मग?

तुमच्या ओळखीत असा एक तरी माणूस असेलच. बाजार समितीतली अडत बंद पडली, मोबाइलच्या दुकानाचं शटर कायमचं खाली आलं, नाहीतर भागीदाराशी वाजलं आणि चालता धंदा सोडून घरी बसावं लागलं. मग पाटणी चौकात चहा पिताना लोक विचारतात, ‘काहून भाऊ, आजकाल दिसत नाही?’ उत्तर सगळ्यांना माहीत असतं, तरी विचारतात. अशा माणसाने उठून काहीतरी भलतंच नवं सुरू करायचं ठरवलं, तर आपण काय म्हणतो? ‘गेला कामातून!’

नेमक्या अशाच माणसावर मराठीत एक झकास कॉमेडी आहे : ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. परेश मोकाशी यांचा हा पहिला चित्रपट. नंदू माधव झाले दादासाहेब फाळके आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. ‘श्वास’नंतर भारतातर्फे ऑस्करला गेलेला हा दुसरा मराठी चित्रपट. जानेवारी २०१० मध्ये तो थिएटरला लागला, तेव्हा आपल्यातले बरेच जण नुकतेच शाळेत जायला लागले असतील. म्हणूनच वाशिममधल्या काही कॉलेजच्या मित्रमैत्रिणींना तो आता बघायला सांगितला आणि एकच प्रश्न विचारला : या माणसावर हसलात, की त्याच्यासोबत हसलात?

ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. फाळके म्हणजे छपाईच्या धंद्यातलं जाणतं नाव. १९०९ मध्ये नवीन यंत्रांसाठी ते थेट जर्मनीला जाऊन आले होते. पण भागीदारांशी पटेना आणि चांगला चाललेला छापखाना त्यांनी सोडला. वय चाळिशीच्या पुढे, घरात बायको-पोरं आणि हातात काम नाही. अशात १९११ मध्ये ते मुंबईत गिरगावात सिनेमा बघतात आणि ठरवतात की आता आपण हेच करायचं. जी गोष्ट देशात अजून कुणाला नीट ठाऊक नाही, तिचा धंदा! शेजारपाजारच्यांना वाटतं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. घरातलं सामान एकेक करून बाहेर जातं. सिनेमे बघून बघून डोळ्यांवर इतका ताण येतो की काही काळ दिसेनासं होतं. विमा पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठतात. तिथे कॅमेरा पसंत करतात, तंत्र शिकतात आणि दोन महिन्यांच्या आत परत येतात.

वाचताना छातीत धडधड होते ना? पडद्यावर मात्र आपण खुर्चीत लोळून हसतो. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार होत नाही, शेवटी साळुंके नावाच्या हॉटेलातल्या आचाऱ्याला साडी नेसवावी लागते. मिशी काढायची वेळ आली की सगळे पुरुष कलाकार अडून बसतात, कारण बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची? सिनेमात काम करणं तेव्हा इतकं बदनाम होतं की फाळके आपल्या माणसांना सांगत, कुणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे’ असं म्हणा. चित्रपटाचं नाव तिथूनच आलंय.

आता मित्रमंडळींची मतं. सगळ्यात जास्त लोकांना आवडली ती एक गोष्ट : रडारड नाही. मोठ्या माणसांवरचे चित्रपट म्हटले की पाऊस, व्हायोलिन आणि दाराबाहेर फेकलेली बॅग हे ठरलेलं. इथे फाळके कुठेच बिचारे वाटत नाहीत. लहान पोराला नवीन खेळणं मिळावं तसे ते वागतात. सुरुवातीला आपण शेजाऱ्यांच्या बाजूने हसतो आणि कधी बाजू बदलली ते कळतच नाही, असं एकीने सांगितलं. मला हे मत सगळ्यात नेमकं वाटलं.

पण एक मित्र जाम भडकला. त्याच्या वडिलांचं दुकान लॉकडाऊनमध्ये बंद पडलं. त्याचं म्हणणं, हे लय गोड करून दाखवलंय बाप्पा. उधारी मागायला माणूस दारात आला की घरात कुणी हसत नाही. आई गप्प होते, बाप जेवत नाही. त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. फाळक्यांच्या आयुष्यातही हे सगळं होतंच. त्याच्याही आधी गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला होता. तिथे प्लेगने त्यांची पहिली बायको आणि मूल गेलं, स्टुडिओ सुटला. ही गोष्ट चित्रपटाच्या काळाच्या आधीची. म्हणजे छापखाना हा काही त्यांचा पहिला धक्का नव्हता. पडद्यावरचा हसरा माणूस दुःख न बघितलेला नव्हता, एवढं लक्षात ठेवून चित्रपट बघितला तर ते हसणं वेगळं दिसतं.

मुलींचं मत एका नावावर येऊन थांबलं : सरस्वतीबाई. सामान विकायला हरकत घेत नाहीत, दागिने देतात, सगळ्या टीमचा स्वयंपाक करतात आणि रात्री फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकून घेतात. म्हणजे देशातल्या पहिल्यावहिल्या फिल्म टेक्निशियनांपैकी एक ही बाई! पण एका मैत्रिणीने विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाहीये. धंदा सरस्वतीबाईंचा बुडाला असता आणि त्यांनी नवीन वेड घेतलं असतं, तर घरच्यांनी कपाट विकू दिलं असतं का? शंभर वर्षांनंतर, आपल्या वाशिममध्ये तरी देतील का? याचं उत्तर तुम्हीच घरी विचारून बघा.

अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या एकाला मात्र वाटाण्याचा सीन आवडला. लंडनहून आल्यावर फाळक्यांकडे कॅमेरा होता, पण सिनेमा काढायला पैसे नव्हते. मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपलं. महिनाभराची वाढ पडद्यावर झरझर दिसली, बघणारे गार! ती छोटी फिल्म बघूनच यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या माणसांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. मित्राचं म्हणणं असं, की फाळके लोकांना ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणत बसले नाहीत, आधी वाटाणा दाखवला. स्टार्टअपच्या भाषेत आपण ज्याला ‘डेमो’ म्हणतो, तो यांनी १९१२ मध्ये कुंडीत उगवला होता.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण खरंच माहीत आहे का? १९१८ मध्ये फाळक्यांनी नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू केली. तिथेही भागीदारांशी पटेना. सगळं सोडून ते काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं आणि परत येऊन पुन्हा सिनेमे काढले. १९३७ चा बोलपट ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा. पुढे १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा सिनेमाची दुनिया त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

म्हणून मला वाटतं, या चित्रपटाकडे ‘हरला, उठला, जिंकला’ अशा मोटिवेशनल रीलसारखं बघू नका. नव्याने सुरुवात ही एकदाच करायची गोष्ट नसते आणि ती एकट्याने होतही नाही. फाळक्यांकडे हिंमत होतीच. पण घरात सरस्वतीबाई होत्या, वाटाणा बघून पैसे देणारे लोक होते आणि मिशी काढायला (कुरकुरत का होईना) तयार झालेली पोरं होती. यातलं एक जरी माणूस शेजाऱ्यांच्या बाजूने गेलं असतं, तर आपण आज कुणावर चित्रपट बघत असतो?

आपल्यापैकी प्रत्येकाला फाळके होता येणार नाही. पण घरी बसलेला काका, अटेम्प्ट संपलेला रूममेट किंवा शटर पाडलेला बाप काही नवीन सांगायला लागला, तर त्याचा वाटाणा बघायला पाच मिनिटं देणं आपल्या हातात आहे. हसू आलं तर हसा बिनधास्त, फक्त तोही आपल्यासोबत हसतोय ना, तेवढं बघा!