लेकरांना जरा रान दाखवा!

डिसेंबर लागला की शाळेतून सहलीची चिठ्ठी घरी येते. वेरूळ-दौलताबाद असलं की आपण दोन मिनिटांत सही करून मोकळ्या होतो. पण चिठ्ठीवर ‘किनवटचे जंगल, दोन रात्री तंबूत मुक्काम’ असं दिसलं, की घरात बैठकच बसते! सासूबाई म्हणतात, “पोरीच्या जातीला रानात कशाला?” हे म्हणतात, “अभ्यास बुडेल.” आणि आपल्याला विंचू दिसतो, साप दिसतो, ताप दिसतो.

मैत्रिणींनो, काळजी करणं आपल्या पाचवीलाच पुजलंय. पण नांदेड-लातूरकडच्या आयांना एक दुसरी काळजीही ठाऊक आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला आणि गावोगावची लेकरं लातूर-नांदेडला खोल्या घेऊन राहू लागली. पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवणी, डबा आणि चाचण्या. गणित पक्कं होतं, पण एका चाचणीत गुण घटले की दोन दिवस जेवण सुटतं. घरी कधी साधी चूल पेटवली नाही, रस्ता चुकला नाही, चार जणांत भांडून पुन्हा जमवून घेतलं नाही. मग पहिला धक्का बसला, की लेकरू कोलमडतं. संकट सांगून येत नाही, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने आपल्याला शिकवलंच आहे. लेकराला ज्ञान द्यायचं तसा तगही द्यायला हवा.

हा तग येतो कुठून?

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. जहाजं बुडाली की तरणेताठे खलाशी आधी हात-पाय गाळतात आणि उन्हापावसात मुरलेले जुने खलाशी टिकून राहतात, असं इंग्लंडमधल्या एका जहाज कंपनीच्या मालकाच्या ध्यानी आलं. कुर्ट हान नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने त्यांच्या मदतीने १९४१ साली वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथं तरुणांसाठी शाळा काढली. तिचं नाव ‘आउटवर्ड बाउंड’. डोंगर चढायचा, होडी वल्हवायची, एकमेकांना सांभाळायचं, हाच अभ्यासक्रम! पुढे जगभर अशा शाळा निघाल्या.

फार लांब कशाला? धर्माबादहून बासरला जाऊन गोदावरी ओलांडली, की निजामाबाद जिल्हा. तिथल्या पाकाला गावची मालावत पूर्णा ही शेतमजुरांची मुलगी. सरकारी निवासी शाळेत शिकणारी. भोंगीरच्या खडकावर चढाई शिकली, दार्जिलिंगला प्रशिक्षण घेतलं आणि २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षं पुरी व्हायच्या आत, एव्हरेस्टवर पोचली. २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूरच्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनीही ते शिखर गाठलं. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आपल्या लेकरांना एव्हरेस्ट नको, पण पहिली पायरी सगळ्यांची सारखीच असते!

आपलं रान आपल्याच जिल्ह्यात

मराठवाडा म्हणजे उजाड माळ, असं आपणच म्हणत असतो. नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसा. भोकर, हिमायतनगर मागे पडलं की हळूहळू सागाची झाडी सुरू होते. किनवट-माहूरच्या या पट्ट्यात साग, बांबू, मोह, तेंदू, पळस आहे. बिबट्या आहे, अस्वल आहे. नांदेड आणि यवतमाळच्या मधून पैनगंगा वाहते. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला ती खडकावरून खाली कोसळते. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. माहूरला रेणुकामाता तर आहेच, पण गडाची तटबंदी आणि कोरलेली लेणीही आहेत. गोंड, कोलाम, आंध या समाजांची गावं याच भागात. मोहाची फुलं वेचणं आणि रानभाज्या ओळखणं तिथल्या बायाबापड्यांकडूनच शिकावं.

लातूरकडे जंगल जवळजवळ नाहीच. पण चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे, उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे, औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. लहान मुलांची सुरुवात एका दिवसाच्या अशा पायपिटीने करावी.

नुसतं फिरवून आणणं नव्हे

गाडीतून उतरायचं, फोटो काढायचे, भजी खायची, ही सहल झाली. लेकरू घडतं ते कामाने. तीन दगडांची चूल मांडायची, ओल्या काटक्यांचा धूर डोळ्यांत घ्यायचा, करपलेली खिचडी सगळ्यांनी मिळून खायची आणि भांडी राखेने घासायची. तंबूचा खुंटा आपणच ठोकायचा. ध्रुवतारा शोधून उत्तर कुठं ते सांगायचं. काम लेकराच्या ताकदीपेक्षा किंचित जड असावं, मदतीला मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असावं, पण त्याने लगेच धावून येऊ नये. ‘हे मला जमलं’ हे वाक्य कोणत्याही शिकवणीत विकत मिळत नाही.

सही करण्याआधी हे विचारा

धाडस म्हणजे बेफिकिरी नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीत वरच्या धरणातून अचानक पाणी सोडलं आणि हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. म्हणून संकोच न करता विचारा:

• पाण्यात उतरणं पूर्ण बंद आहे ना? सहस्रकुंडाच्या निसरड्या खडकांवर तर मुळीच जाऊ देऊ नये.
• वनखात्याची परवानगी घेतली आहे का? बरोबर स्थानिक वाटाड्या आहे का?
• किती मुलांमागे एक शिक्षक? मुलींबरोबर शिक्षिका मुक्कामाला आहेत ना?
• जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, तिथं सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री गाडी हाताशी आहे का?

साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिक, काही नको. हात-पाय हलू न देता थेट रुग्णालय गाठायचं. एवढं लेकरालाही पाठ करून द्या.

पिशवीत काय द्याल?

पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, पायात मुरलेले बूट (नवे बूट हमखास फोड आणतात!), टोपी, स्वेटर, विजेरी, शिटी, पाण्याची बाटली. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू. फरसाणाचे पुडे नकोत. जुलाब-उलट्यांवर घरगुती उपाय चिठ्ठीवर लिहून द्या: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मुलीच्या पिशवीत पॅड आणि कागदी पिशव्या आठवणीने ठेवा. पाळीची तारीख जवळ आली म्हणून तिला घरी ठेवू नका. दम्याची किंवा फिटची औषधं असतील तर शिक्षकांच्या हाती द्या आणि नीट समजावून सांगा.

परत आल्यावर

लेकरू काळवंडून, गुडघे खरचटून घेऊन येईल. “काय अवतार केलायस!” हे तोंडावर आलेलं वाक्य गिळा. आधी त्याला बोलू द्या. कोण घाबरलं, कोण रडलं, कुणी कुणाचं ओझं उचललं, सगळं ऐका. आणि तिथं आलेली सवय घरी मोडू नका. रानात स्वतःचं ताट घासणारा मुलगा घरी आला, की आपणच त्याच्या हातातलं ताट ओढून घेतो!

एक मात्र खरं, रान म्हणजे औषध नव्हे. लेकरू आठवडेच्या आठवडे गप्प असेल, झोप उडाली असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर सहलीवर भिस्त न ठेवता डॉक्टरांना दाखवा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

एरवी मात्र भीतीला थोडं बाजूला सारा. उद्या तुमची लेक परगावच्या खोलीत एकटी असेल, वीज गेलेली असेल, निकाल मनासारखा लागलेला नसेल. तिथं तुम्ही पोचणार नाही. तिने एकदा काळोख्या रात्री रानात शेकोटी राखलेली असेल, तर ती रात्रही ती निभावून नेईल.